पाण्यात पाहणे

‘पाण्यात पाहणे’ याचा मराठीतला अर्थ द्वेष करणे. भाषेचा तास घेताना दरवर्षी मी हा वाक्प्रचार फळ्यावर लिहितो, अर्थ सांगतो, विद्यार्थी तो मुकाट्याने उतरवून घेतात, आणि दरवर्षी मला आतल्या आत हसू येते. कारण माझ्या वाट्याला आजवर जे काही निर्भेळ सुख आले, त्यातले निम्मे तरी पाण्यात पाहत बसण्यातून आलेले आहे. एस.टी. पुलावर चढली की हातातले वर्तमानपत्र आपोआप गुडघ्यावर येते. कोणाकडे पाहुणा म्हणून गेलो आणि परसात विहीर आहे असे कळले की चहा निवून जातो. आमच्या सौ. पूर्वी म्हणत, "अहो, पाणीच आहे ते. कालही होते, उद्याही असेल." लग्नाला बरीच वर्षे झाल्यामुळे आता त्या काही म्हणत नाहीत, बरोबर थांबतात आणि घड्याळ पाहतात.

तसे पाहिले तर पाण्यावाचून मराठी भाषेचे पानही हलत नाही. मोत्याला पाणी असते, तलवारीला पाणी असते, माणसालाही असते आणि प्रसंग पडला की ते जोखले जाते. अपमान झाला की पाणउतारा होतो, घाबरगुंडी उडाली की तोंडचे पाणी पळते. आशा सुटली की तिच्यावर पाणी सोडायचे, आणि कष्ट फुकट गेले की त्यांच्यावर पाणी पडले म्हणायचे. परंतु जरा बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की ही सारी भाषा काठावर उभ्या असलेल्या माणसाची आहे. पाण्याचे तेज तिला ठाऊक आहे, धोका ठाऊक आहे. पाण्याच्या पोटात काय चालले असेल याची मात्र तिने फारशी चौकशी केलेली नाही. कोळ्यांच्या बोलीत ती असणारच. आम्हा घाटावरच्या लोकांचे पाण्याशी नाते घागरीपुरते, मोटेपुरते आणि अस्थी सोडण्यापुरते.

मी सांगलीचा. आमचे घर गावभागात, कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांच्या चालीवर. नदीवर १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल आहे आणि त्याच्यापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांची खुशाली विचारीत नाहीत, ‘किती फूट झाले?’ असे विचारतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे आमच्याकडची पोरे पाढ्यांच्या आधी शिकतात.

पाणी चढू लागले की गावभागातल्या बायका नदीची ओटी भरायला घाटावर जात. माझी आई कधी गेली नाही. ती आपली ओटी शेजारच्या काकूंच्या हाती पाठवी. त्या ओटीत खण असे, तांदूळ असत, हळकुंड-सुपारी असे. नारळ मात्र नसे. घरची ओढग्रस्त, म्हणून नारळ वगळला असेल, असे मला लहानपणी वाटे. खरे कारण थोरल्या मामांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले. १९५७ च्या श्रावणात आईचा मधला भाऊ, बारा वर्षांचा, पुरात वाहून जाणारे ओटीचे नारळ धरायला इतर पोरांबरोबर घाटावरून उड्या टाकीत होता. तीन नारळ त्याने काढले. चौथ्यासाठी गेला तो परत आला नाही. आई तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि आधीचे तीन नारळ परकराच्या ओच्यात धरून पायरीवर उभी होती.

एवढे असूनही मला पोहायला पाठवले ते आईनेच. मी सात वर्षांचा झालो त्या उन्हाळ्यात तिने गोडेतेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा स्वतः डबेवाल्याकडे नेला, झाकणाला डाख लावून तो हवाबंद करून आणला, आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "ह्याला पोहायला शिकवा." नंतर तो डबा पाठीला बांधून मी रोज सकाळी आजोबांच्या मागोमाग घाट उतरू लागलो. पंधरा-वीस दिवसांनी आजोबा डब्याला भोक पाडून त्यात थोडे पाणी भरीत आणि भोक मेणाने बुजवीत. डब्याचा आधार असा हप्त्याहप्त्याने कमी होत गेला, आणि एके दिवशी मागे हात लावून पाहतो तो डबा नाहीच. मी घरी आलो की आई माझ्या केसांना हात लावून बघे. ओले लागले की पुढ्यात भाकरी ठेवी. किती वेळ पोहलास, कुठवर गेलास, हे तिने कधी विचारले नाही.

पोहणाऱ्याला पाण्याचे जे वेड लागते त्याचे मूळ कशात आहे, हे मी पुष्कळदा मनाशी शोधले आहे. मला वाटते, ते वजन नाहीसे होण्यात आहे. जन्मल्यापासून आपण हे शरीर वागवीत असतो, आणि छातीभर पाण्यात पाय उचलले की कोणीतरी ते आपल्या हातून घेते. श्वास भरला की तरंगतो, सोडला की बुडू लागतो, इतका माणूस आणि पाणी यांच्या भारात थोडका फरक. पाठीवर उताणे पडून कान पाण्यात बुडवले की घाटावरचे धुणे, देवळातली घंटा, आजोबांच्या हाका, सारे दूर जाते. या सुखापुढे मला इतर सुखे नेहमीच थोडी आळणी वाटत आली.

पण एक गोष्ट खरी. तीस वर्षे नदीत पोहूनही पाण्याच्या आत काय आहे हे मी कधी पाहिले नव्हते. कृष्णेत बुडी मारून डोळे उघडले तर हिरवट-पिवळा अंधार तेवढा दिसतो. मासे ठाऊक होते ते पोटरीला चाटून जाणारे, किंवा बाजारात पाटीत निजलेले: मरळ, वाम, शिंगटी. म्हणजे एकतर न दिसणारे, नाहीतर मेलेले.

म्हणून २०१५ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे डोंबिवलीला गेलो असताना मी तारापोरवाला मत्स्यालयाचा बेत काढला. ते नुकतेच, मार्चमध्ये, मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले होते. माझी कन्या तेव्हा सहा वर्षांची होती, आणि अर्थातच ती नुसत्या बातमीनेच उड्या मारू लागली. आई म्हणाली, "मी बाहेर बसेन."

मुंबईकर वाचकांना या मत्स्यालयाची ओळख करून देणे म्हणजे काशीकराला गंगा दाखवणे. तरी आमच्यासारख्या बाहेरगावच्यांसाठी सांगतो. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही वास्तू १९५१ साली उभी राहिली. तारापोरवाला या पारशी गृहस्थांनी तिच्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली, आणि उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. स्वातंत्र्याला अवघी चार वर्षे झाली होती. अन्नधान्य रेशनवर मिळत होते, आणि तशा दिवसांत एका शहराने मासे पाहायला घर बांधले, ही गोष्ट मला तरी मोठी वाटते. खायचे मासे मुंबईला पुष्कळ होते. हे घर पाहायच्या माशांचे.

कारण मासा नुसता पाहावा ही कल्पनाच मुळी माणसाला उशिरा सुचली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. मराठीचे अभ्यासक तो चाळतात ते त्यात सापडणाऱ्या जुन्या मराठी पद्याच्या तुकड्यांसाठी. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती किती, नदीतले कोणते, समुद्रातले कोणते, कोणाला काय खाऊ घालावे, हे त्यात राजाने मोठ्या बारकाईने सांगितले आहे. वाचताना आपल्याला वाटते, काय हे माशांवरचे प्रेम! पुढे कळते की हा विनोद गळ टाकून मासे धरण्याचा आहे.

काचेच्या पेटीत मासा जगवून पाहण्याची खटपट एकोणिसाव्या शतकातली. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८५० च्या सुमारास त्याने एका टाकीत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवील असा त्याचा हिशेब, आणि तो बरोबरही होता. पण वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने ती कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी आत सोडल्या आणि मग संसार सुरळीत चालू लागला. संसाराला दोघे पुरत नाहीत, तिसरे कोणी उष्टीखरकटी काढणारे लागते, हे सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्या माणसाला प्रयोगाशिवायही कळले असते. असो. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचवला.

तर आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन मी म्हणत होते. आई मरीन ड्राइव्हच्या पदपथावर समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. आम्ही तिकिटे काढली. बाहेर बसण्याचा तिचा विचार कोणाच्या आग्रहाने बदलला असे मला सांगता आले असते तर बरे झाले असते. पण तो उन्हाने बदलला. "आत गार असेल ना?" असे विचारून ती नातीचे बोट धरून दारातून आत आली.

आत थंड होते आणि काळोख होता. भिंतीत बसवलेल्या टाक्या तेवढ्या उजळलेल्या. पहिल्याच टाकीपुढे पिवळ्या-निळ्या माशांचा थवा एकाच वेळी वळला आणि कन्या किंचाळली. आई दोन हातांवर थांबली. थोड्या वेळाने एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "इथं आवाज नाही रे काही."

मला आधी कळलेच नाही ती काय म्हणते ते. आमच्याकडे पाणी म्हणजे पुराचे, रात्री घरात झोपल्यावरही घोंघावत ऐकू येणारे. तिने अठ्ठावन्न वर्षे पाणी ऐकले होते, ते पाहायला मात्र कधी गेली नव्हती.

त्यानंतर ती सावकाश, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी, टाकीमागून टाकी पाहत निघाली. खडकाच्या कपारीतून तोंड काढून बसलेली समुद्रातली एक जाडजूड वाम होती. एकसारखी तोंड उघडी आणि मिटी. कन्या घाबरून माझ्या मागे लपली. तिथे निळ्या सदऱ्यातला एक तरुण कर्मचारी उभा होता. तो म्हणाला, "चावायला नाही बघत ती. श्वास घेतेय. तोंडानं पाणी आत घेते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते." आई म्हणाली, "म्हणजे दमा झाल्यासारखं आहे बिचारीचं."

ही उपमा तिने सहज दिली. पण हिशेब मांडून पाहिला तर ती फारशी चुकीची नाही. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात तो विरघळलेला असतो जेमतेम सहा-सात मिलिलिटर, आणि पाणी तापले की त्याहूनही कमी. म्हणजे आपल्याला मिळतो त्याच्या तिसाव्या हिश्शावर मासा संसार करतो. त्याच्या कल्ल्यांत रक्त एका दिशेने वाहते आणि पाणी उलट्या दिशेने, त्यामुळे पाण्यातला बहुतेक प्राणवायू तो खरवडून घेऊ शकतो. आपल्या फुप्फुसांना इतकी काटकसर जमत नाही. पण काटकसरीलाही मर्यादा असते. नदीत सांडपाणी किंवा मळी आली की ती कुजवणारे जंतू त्या सहा-सात मिलिलिटरांवर तुटून पडतात आणि माशांच्या वाट्याला काही उरत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या अंकलीजवळ कृष्णेत हजारो मासे मरून वर आले, तेव्हा काठावरून पाहणाऱ्यांना पाणी नेहमीसारखेच दिसत होते. पाण्यात पाहण्याची सवय असलेल्या मलासुद्धा.

त्या तरुणाला आईने पुढे अनेक प्रश्न विचारले. माणसाला ओळखीपाळखीवाचून इतके प्रश्न विचारताना मी तिला कधी पाहिले नव्हते. "हे झोपतात कधी?" तो म्हणाला, झोपतात, पण पापण्या नसतात म्हणून डोळे उघडेच राहतात, एका जागी स्थिर झाले, कल्ल्यांची हालचाल मंदावली की झोपले समजायचे. "पोरं काचेवर टकटक करतात ते ह्यांना ऐकू येतं?" नुसते ऐकू येत नाही, अंगाला लागते, तो म्हणाला, आणि माशाच्या कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ त्याने बोटाने दाखवली. पाण्यातला हलकासा धक्कादेखील त्या रेघेला कळतो. हे ऐकताच आईने नातीचा हात काचेवरून काढून आपल्या हातात घेतला.

"आणि हे पाणी प्यायचं कधी पितात?"

येथे मला बोलल्यावाचून राहवेना, कारण हा प्रश्न थेट कौटिल्याचा आहे. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे ओळखता येत नाही, तसे सरकारी अधिकारी पैसा केव्हा खातो हेही ओळखता येत नाही, अशा अर्थाचा दाखला ‘अर्थशास्त्रा’त आहे आणि तो आजही जुना झालेला नाही. शास्त्राने मात्र माशापुरता छडा लावला आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या शरीरात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सारखे बाहेर खेचले जाते, आणि समुद्रातला मासा अष्टौप्रहर पाणी पीत राहतो, जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतल्या माशाचे नेमके उलट. पाणी आपण होऊन त्याच्या अंगात शिरते. तो जवळजवळ पीत नाही, बाहेर टाकीत मात्र राहतो. कौटिल्य पाटलीपुत्राचा, त्याच्यासमोर मासे गंगेचे. तेव्हा त्याचा दाखला जरा तपासला तर त्यातला मासा निर्दोष ठरतो. अधिकाऱ्यांविषयी मी काही म्हणत नाही.

माझे हे प्रवचन चालू असताना आई त्या तरुणाशीच बोलत होती. "पाणी रोज बदलता का रे बाळा?"

"नाही आजी. सगळं एकदम बदललं तर मासे मरतील."

आईला ते पटेना. आमच्या घरी पिण्याचा हंडा रोज घासून भरण्याचा दंडक. मग त्याने समजावून सांगितले. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. तो साठला तर त्याचा जीव घेतो. पण टाकीतल्या वाळूत, गाळणीत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला येतात. काही जण अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे त्याचे नायट्रेट करतात, जे मासा बऱ्यापैकी सोसू शकतो. ही वस्ती जमायला नव्या टाकीत महिना-दीड महिना लागतो. तोवर कितीही स्वच्छ, काचेसारखे पाणी असले तरी ते कच्चे. म्हणून थोडे थोडे काढायचे, थोडे थोडे घालायचे, आणि नवी टाकी लावायची तर जुनीतली वाळू किंवा गाळणी नव्यात न्यायची.

"विरजणासारखं," आई म्हणाली.

"हां, तसंच," तो म्हणाला. विरजणात अर्थात दुसरे जंतू असतात. पण दीड महिन्याची जीवशास्त्राची तासिका आईने एका शब्दात आटोपली, हे मी शिक्षक या नात्याने येथे नमूद करून ठेवतो.

मला स्वतःला तिथे सर्वात ओढ लागली ती माशांच्या स्थिर राहण्याची. एखादा मासा पाण्याच्या मधोमध, ना वर ना खाली, नुसता टांगल्यासारखा थांबलेला असतो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते; ती कमीजास्त फुगवून तो आपले वजन पाण्याच्या वजनाशी तंतोतंत जुळवून घेतो. माझ्या पाठीला जो डबा होता तो त्याने पोटात घेतलेला. शार्क आणि पाकट यांना अशी पिशवी नसते. शार्क तेलकट यकृताच्या आधारावर निभावतो आणि पोहत राहतो. मी त्या टाकीपुढे इतका वेळ उभा राहिलो की मागच्या एका गृहस्थांनी, "साहेब, इतरांनाही पैसे पडलेत," असे सौम्यपणे सुचवले.

शेवटी आम्ही बोगद्यापाशी आलो. २०१५ च्या दुरुस्तीत ही नवी गोष्ट केली होती: बारा फूट लांबीची, पारदर्शक ॲक्रिलिकची कमान, दोन्ही अंगांना आणि डोक्यावर पाणी. परदेशांत याहून कितीतरी लांब बोगदे आहेत, आणि गर्दीचा रेटा असला म्हणजे बारा फूट पाच-सात पावलांत संपतात. कन्या पळत आत गेली, पलीकडे निघाली आणि परत आली. आई कमानीच्या तोंडाशी थांबली होती.

"केवढी जाड आहे काच?" तिने विचारले.

मी म्हणालो, भक्कम असते, फुटत नाही. ती तशीच उभी राहिली. मागची माणसे बाजूने पुढे जाऊ लागली. मग नातीने तिचा पदर ओढला आणि ती आत आली. मधोमध येऊन तिने मान वर केली. वरून दिव्यांचा उजेड पाण्यात मोडून खाली येत होता, आणि एक रुंद, चपटा मासा आमच्या डोक्यांवरून अंगणातून मांजर जावे तसा निवांत गेला. त्याचे पांढरे पोट दिसले. आई बराच वेळ वर पाहत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाण्याखाली असं दिसतं होय?"

कृष्णेच्या श्रावणातल्या पुरात काय दिसते हे मला चांगले ठाऊक होते. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही.

मी म्हणालो, "होय."

तिने मान हलवली. मग पदर सावरून, नातीला घेऊन ती पलीकडे निघून गेली, आणि बाहेर पडल्यावर आम्हा सर्वांना उसाचा रस तिने पाजला. मामांचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला जो पूर आला तो सांगलीकरांच्या चांगला लक्षात आहे. २००५ साली आयर्विन पुलापाशी पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेले होते, तेव्हा जुनी माणसे म्हणाली, याहून आता काय चढायचे? २०१९ ला ते सत्तावन्नच्या वर चढले. आमच्या जिन्याच्या नऊ पायऱ्या पाण्याखाली गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सुटकेची रबरी नाव थेट सज्जाला लागली. ब्रह्मनाळची नाव उलटून माणसे गेली ती याच दिवसांत. आई नावेत बसेल की नाही या चिंतेने मी अर्धमेला झालो होतो. ती बसली. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, डोळे मिटून बसली. शाळेच्या मैदानापाशी नाव आल्यावर तिने डोळे उघडले, त्या लालभडक गढूळ पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढ्या गाळात श्वास कसा घेत असतील रे ते?"

मला वाटले, ती बुडालेल्या माणसांविषयी बोलते आहे. नात म्हणाली, "आजी मासे म्हणतेय, बाबा."

पूर ओसरल्यावर घरी आलो तो अंगणातल्या दगडी हौदात एक मरळ राहिली होती, चांगली हातभर लांब. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून ती अशा कोंडलेल्या पाण्यातही टिकते. घरात गुडघाभर चिखल, गाद्या, पुस्तके, धान्य सगळे सडलेले; माझ्या पस्तीस वर्षांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला होता. हौद उपसून स्वच्छ करायला गडी आले तेव्हा आईने त्यांना थांबवले. मरळ बादलीत काढायला लावली. मी बादलीत टँकरचे स्वच्छ पाणी भरू लागलो तर म्हणाली, "ते नको. त्यात औषध असतं. हौदातलंच घाल." मग मी आणि कन्या ती बादली घेऊन घाटाकडे निघालो. आई आमच्यामागून बोळाच्या तोंडापर्यंत, जिथून घाटाच्या पहिल्या पायऱ्या दिसतात तिथपर्यंत आली, आणि आम्ही परत येईपर्यंत तिथेच उभी होती.

पुढल्या वर्षी करोनाची साथ आली आणि इतर सर्व प्रेक्षणीय स्थळांबरोबर तारापोरवाला मत्स्यालयाचीही दारे लागली. नंतर इमारत जीर्ण झाल्याचा, ती पाडून नवी बांधण्याचा विषय निघाला. सत्तर वर्षे खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या वास्तूचे ते व्हायचेच. वर्तमानपत्रात त्याविषयी छापून आले त्या दिवशी मी ती बातमी आईला वाचून दाखवली. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. ऐकून ती काही वेळ गप्प होती, हातातले गहू निवडीत.

"म्हणजे मासे दुसरीकडं न्यावे लागले असतील," ती म्हणाली.

"असतील."

"आणि पाणी? तिथलं जुनं पाणी थोडं तरी बरोबर नेलं असेल ना रे?"